ऑडिओ केबलवरचा बाण: तो कुठे पाळायचा, आणि आवाज खरा कशाने बदलतो

पहिला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेतली की दुकानदारापासून मित्रांपर्यंत सगळ्यांकडून एक सल्ला हमखास मिळतो: केबलवरचा बाण बघून लाव, उलटी लागली तर आवाज पडतो. मग नवख्या माणसाच्या मनात प्रश्न सुरू होतात. ज्या केबलवर बाणच नाही तिचं काय करायचं? उलटी लागली तर मशीन बिघडेल का? आणि बाणवाली केबल साध्या केबलच्या चौपट महाग का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. तांब्याच्या तारेला दिशा नसते. बाण असतो तो केबलच्या बांधणीबद्दल, आणि तोही काही मोजक्या केबलींवरच खरोखर कामाचा असतो. घरातला आवाज बिघडवतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत: प्लस-मायनसची अदलाबदल, लांब अंतरावर ओढलेली बारीक तार, काळवंडलेल्या पिना आणि अर्थिंगची गडबड. हे सगळं घरच्या घरी तपासता येतं. ब्लेड, पेन्सिल सेल आणि सुटीची एक दुपार एवढं हाताशी ठेवा.

आधी तारेत काय चालतं ते बघू

टॉर्चमध्ये सेलपासून बल्बापर्यंत वीज एकाच दिशेने वाहते. आवाजाच्या केबलमध्ये तसं होत नाही. पेटीवरची मधल्या सप्तकातली काळी एक वाजली, तर तिचा सिग्नल तारेतून सेकंदाला साधारण २७७ वेळा पुढे आणि तितक्याच वेळा मागे हेलकावे घेतो. झोपाळा जितका पुढे जातो तितकाच मागे येतो, तसंच हे. माणसाच्या कानाची मर्यादा २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत धरतात, आणि या सगळ्या पट्ट्यात प्रवाह दोन्हीकडे सारखाच जातो. म्हणजे केबल तुम्ही कशीही लावा, तिच्यातून प्रवाह दोन्ही दिशांनी जाणारच आहे.

बाणाच्या बाजूने बोलणारे सांगतात, की तांब्याची तार साच्याच्या बारीक भोकातून खेचून काढतात, त्यामुळे तिच्यातले कण एका बाजूला झुकतात आणि प्रवाहाला एक दिशा सोपी जाते. तार अशी खेचून काढतात हे खरं आहे. पण खेचल्यावर कडक झालेली तार मऊ करण्यासाठी तापवतात, आणि त्या तापण्यात तिचे कण नव्याने बांधले जातात. शिवाय एखादी तार खरोखरच एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वीज जाऊ देत असेल, तर ती डायोडसारखी, म्हणजे वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या भागासारखी, वागली पाहिजे. डायोड सिग्नलचा एक अर्धा भाग दाबतो, आणि तो दाब डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात शिरलेली विकृती, म्हणून मोजता येतो. आजची मोजणीची यंत्रं दशलक्षात एक भाग इतकं बारीक डिस्टॉर्शन पकडतात. तांब्याच्या तारेत असा डायोड त्यांना सापडत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या स्पीकरच्या आत क्रॉसओव्हरची, म्हणजे खालचे आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटची, कॉइल असते, तिच्यात कित्येक मीटर तार गुंडाळलेली असते. वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या) व्हॉइस कॉइलमध्ये आणखी तार असते. ट्रान्सफॉर्मर आले, स्टुडिओतल्या भिंतींमधून गेलेल्या लांबच लांब केबली आल्या. या तारा गुंडाळताना किंवा ओढताना कुणीही दिशा बघत नाही. इतक्या सगळ्या तारेतून आलेला आवाज शेवटच्या एका मीटरमध्ये बाण बघून सुधारेल, हे मला पटत नाही.

पायरी १: हातातली केबल कोणती, ते ओळखा

स्पीकरची वायर म्हणजे दोन पदरी उघडी वायर, एका पदरावर लाल रेघ किंवा खाच. हिला दिशा नसते. छापील बाण असला तरी दोन्ही स्पीकरच्या वायरी दिसायला सारख्या राहाव्यात यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

आरसीए केबलकडे, म्हणजे दुकानात जिला एव्ही लीड म्हणतात तिच्याकडे, जरा थांबून बघायला हवं, कारण बाणाची गोष्ट मुळात इथली आहे. साध्या आरसीए केबलमध्ये मधोमध एक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. मधली तार सिग्नल नेते आणि जाळी परतीच्या वाटेचं काम करते. ही केबल दोन्हीकडून सारखी. पण काही केबली टू-कोअर शील्ड वायरपासून बनवतात. त्यांच्यात सिग्नलला आणि परतीला वेगवेगळ्या तारा असतात, आणि बाहेरची जाळी फक्त एकाच टोकाला जोडलेली असते. स्क्रू असलेली पिन असेल तर टोपण फिरवून आत बघा. एका टोकाला जाळी पिळून परतीच्या तारेबरोबर सोल्डर केलेली दिसेल. दुसऱ्या टोकाला तीच जाळी कापून तिच्यावर काळी आकुंचन नळी चढवलेली असेल आणि ती कशालाच टेकलेली नसेल. बाण याच केबलवर हवा. जाळी जोडलेलं टोक सिग्नल निघतो त्या मशीनकडे, म्हणजे सीडी प्लेअर किंवा डॅककडे (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ सिग्नल करणारं मशीन) ठेवायचं असा रिवाज आहे. जाळीने गोळा केलेला बाहेरचा गोंगाट त्या मशीनच्या चेसिसमध्ये जावा हा त्यामागचा विचार.

अशी केबल उलटी लावली तर? गाणं तसंच वाजेल, काही जळणार नाही. बाहेरचा हम, म्हणजे विजेचा घूं घूं आवाज, किंवा मोबाइलचा खरखराट शिरण्यात थोडाफार फरक पडू शकतो. तोसुद्धा घरातल्या एक-दीड मीटरच्या केबलीत बहुतेक वेळा ऐकू येत नाही. माझं स्पष्ट मत असं, की घरच्या आरसीए जोडणीला जाड, दाट जाळीची साधी केबल या टू-कोअर केबलपेक्षा कमी तर नाहीच, बरेचदा सरस ठरते. कारण परतीची वाट जितकी जाड तितका दोन मशीनमधल्या अर्थिंगच्या फरकाचा त्रास कमी.

माइकच्या एक्सएलआर केबलला दिशा आहे, आणि ती तिच्या आकारातच आहे. तीन काड्यांचं टोक मिक्सरकडे, तीन भोकांचं टोक माइककडे. भजनी मंडळाच्या किंवा गणपतीच्या मांडवात काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एक नंबरची पिन शील्डची, दोन नंबर हॉट, तीन नंबर कोल्ड. हॉट आणि कोल्डवर एकच सिग्नल एकमेकांच्या उलट जातो आणि वाटेत शिरलेला गोंगाट दोन्हींवर सारखा असल्यामुळे मिक्सर तो वजा करून टाकतो. म्हणून ही केबल पन्नास मीटर ओढली तरी शांत राहते. स्वस्त माइकची एका जाड जॅकची केबल तेवढी ओढली तर घूं घूं सुरू होते ती याचमुळे.

आता डिजिटल केबली. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलला दिशा नाही. टीव्हीतला आवाज एआरसी या सोयीने साऊंडबारकडे उलटा येतो तो त्याच केबलमधून. पण लांब पल्ल्याच्या ऑप्टिकल एचडीएमआयमध्ये एका टोकाला विजेचा प्रकाश करणारं आणि दुसऱ्या टोकाला प्रकाशाची पुन्हा वीज करणारं सर्किट असतं. अशा केबलच्या टोकांवर सोर्स आणि डिस्प्ले असं छापलेलं असतं. ही उलटी लावली तर पडद्यावर काहीच येत नाही. भिंतीतल्या पाइपातून ओढण्याआधी टोकं नीट बघून घ्या, नाहीतर सगळी पुन्हा उपसावी लागेल. टीव्हीपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची बारीक ऑप्टिकल ऑडिओ केबल मात्र दोन्हीकडून सारखीच असते, तिच्यात नुसता प्रकाशाचा धागा असतो. यूएसबी असो वा ऑप्टिकल, डिजिटल केबल खराब असली तर आवाज तुटतो, टकटक होतो किंवा बंद पडतो. केबल बदलून बेस उबदार झाला असं कुणी म्हणालं, तर ते कारण केबलमध्ये शोधू नका.

पायरी २: खरी दिशा इथे आहे, प्लस आणि मायनस

नवख्या माणसाने सगळ्यात आधी हीच गोष्ट तपासावी. एका स्पीकरची लाल-काळी अदलाबदल झाली, तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोघांनी ढकललेली हवा एकमेकींना खाऊन टाकते. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, गायिकेचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध उभा राहण्याऐवजी खोलीभर पसरतो, आणि नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही. केबल बेकार आहे म्हणून नवी आणली जाते, ती लावताना प्लस-मायनस बरोबर लागतो, आणि श्रेय नव्या केबलला मिळतं!

तपासायचं असं. ॲम्प्लिफायर बंद करा. स्पीकरची वायर ॲम्प्लिफायरकडच्या टोकाला सोडवा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, त्याचा प्लस लाल तारेला आणि मायनस काळ्या तारेला क्षणभर टेकवा. टक् असा आवाज येईल आणि वूफरचा पडदा हलेल. स्पीकरवरची पुढची जाळी काढता येत असेल तर काढून बघा. लाल तार स्पीकरच्या लाल टर्मिनललाच लागली असेल तर पडदा बाहेर येतो. दुसऱ्या स्पीकरवर तेच करा. एकाचा बाहेर आणि एकाचा आत असेल तर एका स्पीकरच्या तारा फिरवा. सेल धरून ठेवायचा नाही, नुसता टेकवून उचलायचा, आणि नऊ व्होल्टची बॅटरी यासाठी वापरायची नाही.

मग मोबाइलवर एखाद्याचं भाषण किंवा नुसता निवेदनाचा आवाज लावा आणि दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसा. आवाज समोरच्या रिकाम्या जागेतून, बरोबर मधून आला पाहिजे.

पायरी ३: स्पीकरच्या वायरची जाडी

इथे केबल आवाजात खरोखर फरक करते, आणि हिशोब सोपा आहे. स्पीकर आठ किंवा चार ओहमचा असतो. जाऊन-येऊन वायरचा एकूण रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, त्याच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा, असा बऱ्याच जणांचा आडाखा आहे. म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहम, चार ओहमच्याला ०.२ ओहम. तांब्याच्या वायरसाठी सूत्र हे: जायची आणि यायची मिळून लांबी मीटरमध्ये घ्या, तिला ०.०२ ने गुणा आणि वायरच्या स्क्वेअर एमएमने भागा. अचूक आकडा याहून किंचित कमी येतो, पण सावध बाजूला राहिलेलं बरं.

उदाहरण घेऊ. स्पीकर दहा मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर. अडीच स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर ०.१६ ओहम. चार ओहमच्या स्पीकरलाही चालेल. तीच जोडणी अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरने केली तर ०.८ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरवर आवाज सुमारे ०.८ डेसिबलने कमी होईल. नुसता कमी झाला असता तर व्हॉल्यूम वाढवून भागलं असतं. पण आठ ओहम हा स्पीकरचा नावापुरता आकडा असतो. कुठल्या सुरावर तो सहा ओहम असतो, तर खर्जात एका ठिकाणी वीस-तीस ओहमवर चढतो. बारीक वायर सहा ओहमच्या जागी जास्त खाते आणि तीस ओहमच्या जागी जवळपास काहीच खात नाही. त्यामुळे आवाजाचा तोलच बदलतो. हा फरक मोजताही येतो आणि कान देऊन ऐकणाऱ्याला ऐकूही येतो.

तेव्हा चार ओहमच्या स्पीकरला पाच मीटरपर्यंत दीड स्क्वेअर एमएम आणि दहा मीटरपर्यंत अडीच स्क्वेअर एमएम पुरते. आठ ओहमचा असेल तर याच्या दुप्पट अंतर चालेल. याहून जाड वायरने काही बिघडत नाही, फक्त टर्मिनलच्या भोकात ती बसत नाही आणि खिशाला चाट बसते. दोन्ही स्पीकरला वायर सारख्याच लांबीची हवी, असाही एक आग्रह असतो. जाडी पुरेशी असेल तर एक तीन मीटर आणि एक सहा मीटर असली तरी काही फरक पडत नाही.

घरच्या वायरिंगची तांब्याची लाल आणि काळी वायर एकमेकींभोवती पिळून स्पीकरला लावली तर चालते का, असं पुष्कळ जण विचारतात. उत्तम चालते. अडीच स्क्वेअर एमएम ती अडीच स्क्वेअर एमएमच.

मात्र एका फसवणुकीपासून सावध राहा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर वायर घेताना पारदर्शक वेष्टनातली, तांबूस चकाकणारी जाडजूड वायर स्वस्तात दिसते. तिच्यातली बरीचशी सीसीए असते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. तिचा रेझिस्टन्स त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून थोडा जास्त असतो, आणि दोनचार वेळा वाकवली की तिचे केस, म्हणजे आतल्या बारीक तारा, तुटतात. पारख सोपी आहे. टोकाचा एक केस सोडवा, नखावर धरा आणि ब्लेडच्या धारेने हलकेच खरवडा. लाल रंग निघून आत पांढरट धातू दिसला तर ती सीसीए. याच्या उलट, वरून चंदेरी दिसणारी वायर खरवडल्यावर आत लाल निघाली तर ती कल्हई केलेलं तांबं आहे आणि चांगली आहे. नुसत्या वरच्या रंगावर जाऊ नका. खोक्याला हातात घेऊनही अंदाज येतो, तांब्याचं बंडल जड लागतं.

पायरी ४: आरसीए केबल कधी फरक करते

प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारा सिग्नल अगदी थोड्या प्रवाहाचा असतो. ॲम्प्लिफायरचा इनपुट दहा हजार ते पन्नास हजार ओहमचा, आणि केबलचा रेझिस्टन्स ओहमचा अंश. त्यामुळे इथे जाडीचा प्रश्नच येत नाही. राहतो तो कॅपॅसिटन्स, म्हणजे शेजारच्या दोन तारांमध्ये थोडी वीज साठण्याचा गुण. साधारण केबलीत दर मीटरला ५० ते १५० पिकोफॅरड असतो. प्लेअरचा आउटपुट १०० ओहमचा आणि केबल दीड मीटरची, एकूण १५० पिकोफॅरडची धरली, तर ती जिथे सिग्नल कापायला लागते ती जागा १ कोटी हर्ट्झच्या वर जाते. कान २०,००० ला थांबतो.

दोन ठिकाणी मात्र हा कॅपॅसिटन्स खरंच बोलतो. एक, रेकॉर्ड प्लेअर. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसते त्या भागाच्या नेहमीच्या प्रकाराला, ४७,००० ओहमचा इनपुट लागतो आणि किती पिकोफॅरड चालेल तेही बनवणारा लिहून देतो, बहुतेकदा १०० ते २०० च्या आसपास. लांब किंवा जास्त कॅपॅसिटन्सची केबल लावली तर वरच्या सुरांचा तोल बिघडतो. म्हणून रेकॉर्ड प्लेअरची केबल आखूड ठेवा. त्याच्याबरोबर येणारी बारीक सुटी तार ॲम्प्लिफायरच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला लावायला विसरू नका. ती राहिली की हम येतो. दोन, बॅटरी नसलेली इलेक्ट्रिक गिटार. तारांचं कंपन टिपणाऱ्या तिच्या पिकअपचा स्वर केबलच्या लांबीप्रमाणे मऊ होत जातो. सहा मीटरची केबल तीन मीटरची केली तर धार वाढलेली स्पष्ट ऐकू येते. केबलने आवाज बदलतो याचा ज्यांना अनुभव घ्यायचाय त्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

पायरी ५: घूं घूं आवाज

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हमसुद्धा ५० किंवा १०० हर्ट्झचा येतो. केबल बदलण्याआधी हे करा. ॲम्प्लिफायरच्या सगळ्या आरसीए पिना काढा आणि व्हॉल्यूम वाढवून ऐका. हम तसाच असेल तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये. गेला असेल तर एकेक मशीन परत जोडत जा, ज्याच्याबरोबर हम येतो ते गुन्हेगार. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा, बरेचदा तिथेच उत्तर मिळतं. टीव्ही असेल तर डिशची किंवा केबलवाल्याची गोल वायर काढून बघा.

कारण हे, की दोन मशीन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली असतात आणि दोन अर्थमधला किंचित फरक केबलच्या जाळीतून वाहतो. सगळी मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली की पुष्कळदा भागतं. नाहीच भागलं तर दोन मशीनमधला विजेचा थेट जोड तोडणारा, आरसीएमध्ये लावायचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो लावा. तिसरी अर्थची पिन कापून टाकायचा सल्ला काही जण देतात. हम खरंच जातो, पण मशीनच्या आत कधी वायर सुटून पत्र्याला लागली तर शॉक बसून जीव जाऊ शकतो. ती पिन कधीही कापू नका.

पायरी ६: स्वतः पारखून घ्या

इतकं वाचूनही केबल फिरवल्यावर फरक जाणवतो असं वाटत असेल, तर मी तुम्हाला खोटं ठरवणार नाही. फरक खरोखर पडलेला असू शकतो. केबल फिरवताना तुम्ही चारही पिना काढून पुन्हा घट्ट बसवल्यात. दमट हवेत पिनेवर चढलेला काळपट थर त्या घासण्यात निघून गेला आणि आवाज मोकळा झाला. तो फरक पिना घासल्याचा. केबल होती त्याच दिशेने पुन्हा बसवली असती तरी तो आला असता. म्हणून कुठलीही तुलना करण्याआधी पिना दोनतीन वेळा काढघाल करून साफ करा.

पहिली परीक्षा मोजणीची. कुणाकडे यूएसबी ऑडिओ इंटरफेस (कॉम्प्युटरमध्ये आवाज आत-बाहेर नेणारी पेटी) असेल तर त्याचा आउटपुट तपासायच्या केबलने त्याच्याच इनपुटला जोडा. एखादं गाणं वाजवून तेच रेकॉर्ड करा. कुठल्याही बटणाला हात न लावता केबल काढून त्याच दिशेने परत लावा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. मग केबल फिरवा आणि तिसऱ्यांदा करा. ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. पहिलं आणि दुसरं रेकॉर्डिंग पडद्यावर खूप झूम करून एकमेकांखाली अगदी तंतोतंत जुळवा, त्यातलं एक इन्व्हर्ट, म्हणजे उलटं, करा आणि दोन्ही एकत्र मिसळा. सारखं असेल ते सगळं वजा होऊन जाईल आणि तळाशी बारीक खरखर उरेल. ती किती डेसिबलवर आहे ते लिहून ठेवा. आता पहिलं आणि तिसरं घेऊन तेच करा. केबलला दिशा असती तर दुसऱ्या वेळी जास्त काहीतरी उरलं असतं, आणि उरलेल्यात गाण्याची चाल ओळखू आली असती. दोन्ही वेळा सारखीच खरखर उरली, तर तारेचं उत्तर मिळालं. दुसरं रेकॉर्डिंग अनेक जण गाळतात. ते गाळू नका, कारण नुसती केबल काढून लावल्याने किती फरक येतो हे कळल्याशिवाय फिरवल्याचा फरक ठरवता येत नाही.

दुसरी परीक्षा कानांची. घरातल्या कुणाला तरी मदतीला घ्या. तुम्ही पाठ करून बसायचं. मदतनीसाने नाणं उडवायचं, छापा आला तर केबल सरळ, काटा आला तर उलटी, आणि कागदावर लिहून ठेवायचं. केबल तशीच ठेवायची असली तरी दर वेळी काढून परत लावायची, म्हणजे खुडबुडीवरून आणि लागलेल्या वेळावरून तुम्हाला अंदाज येणार नाही. त्याने बोलायचं नाही, हसायचंही नाही. पिना काढताना ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्ण खाली, आणि नंतर व्हॉल्यूम दर वेळी नेमका त्याच जागी, कारण किंचित मोठा आवाज कानाला मोठा न वाटता चांगला वाटतो. असं सोळा वेळा करा. सोळापैकी बारा किंवा जास्त उत्तरं बरोबर आली तर तुमच्या कानांना काहीतरी कळतंय असं धरायला जागा आहे. नुसत्या अंदाजाने तेवढी बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. आठ-नऊ आली तर तो नाण्याचा खेळ.

न बघता ऐकण्याच्या या पद्धतीला मोठी परंपरा आहे. अमेरिकेच्या बेल लॅबमधल्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये एबीएक्स चाचणीची, म्हणजे ए आणि बी ऐकवून मग त्यातलाच एक एक्स म्हणून न सांगता ओळखायला लावण्याची, कल्पना मांडली. २००७ मध्ये जेम्स रँडी या अमेरिकन जादूगाराने, सात हजार डॉलरहून महाग स्पीकर केबल आणि साधी चांगली केबल यांतला फरक न बघता ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. बोलणी झाली, पण ती चाचणी शेवटपर्यंत झाली नाही.

पायरी ७: पैसे कुठे घालायचे

साठ हजारांची जोडणी आणि वीस हजारांच्या केबली म्हणजे नाकापेक्षा मोती जड. एकूण खर्चातला फार तर पाच टक्के भाग केबलींना द्या. त्यात घट्ट बसणाऱ्या पिना, शंभर टक्के तांबं आणि नीट सोल्डर एवढं मिळालं की झालं. उरलेला पैसा स्पीकरवर घाला, आणि त्यानंतर खोलीवर. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी आवाजात जो फरक पडतो, त्याच्या जवळपासही कुठली केबल जात नाही. स्पीकर भिंतीपासून एक-दीड फूट पुढे ओढून बघा, त्याला तर पैसाही लागत नाही.

पिनांवर सोन्याचा मुलामा असेल तर घ्या. तो आवाज गोड करत नाही, पण गंजत नाही. कोकणात, गोव्यात, मुंबईत खाऱ्या दमट हवेत निकेलच्या पिना लवकर काळवंडतात, तिथे हा मुलामा उपयोगी पडतो. उघड्या स्पीकर वायरचं तर त्याहून वाईट होतं. पारदर्शक वेष्टनाच्या आत, टोकापासून दोनेक इंच आतपर्यंत तांबं हिरवं पडतं.

म्हणून वर्षातून एकदा, पावसाळा संपला की ही कामं उरकून घ्या. ॲम्प्लिफायर बंद करून प्लग काढा. वायरचं हिरवं झालेलं टोक कापून टाका, नवं टोक अर्धा इंच सोला, केस घट्ट पिळा आणि टर्मिनलमध्ये असे बसवा की एकही केस शेजारच्या टर्मिनलला टेकणार नाही. टेकला तर ॲम्प्लिफायरचं आउटपुट उडू शकतं. टोकांना सोल्डर भरून टर्मिनलमध्ये दाबू नका, सोल्डर मऊ असतो, दाबाखाली हळूहळू बसतो आणि जोड सैल पडतो. त्यापेक्षा दाबून बसवायच्या बनाना पिना बऱ्या. आरसीएच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि गोल फिरवत बसवा. पुढच्या वर्षीसाठी थोडी वायर स्पीकरमागे जास्तीची सोडून ठेवा, दर वर्षी थोडी कापली जाणार आहे.